फाटकावरचा मामा

"मामा हाये मी तिचा, मामा! रस्त्यानं चाललेला माणूस न्हाई मी!"

मामाच्या त्या आवाजानं शाळेच्या लोखंडी फाटकाचे गज थरथरत होते. ही थाप नाही, मी स्वतः हात लावून पाहिलं. शेजारच्या वावरातले बगळे जे उडाले ते माझ्या माहितीप्रमाणे अजून परत आलेले नाहीत. आणि फाटकाच्या आतल्या बाजूला सिस्टर उभ्या होत्या, पांढऱ्या झग्यात, गळ्यात क्रूस, हात एकमेकांवर ठेवलेले. आमच्याकडच्या या सिस्टरांच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. केरळातून आलेल्या, पण मराठी अशी स्वच्छ बोलायच्या की आम्हालाच आमची लाज वाटायची. मामाचं ओरडून होईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या,

"तुम्ही मामा आहात हे मला मान्य आहे. पण मला आई किंवा वडील पाहिजेत."

त्यांच्या मागे भाड्याची बस घरघरत उभी होती. बसमध्ये शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ बसलेला. जिल्ह्यात पहिला आलेला, आता विभागाच्या सामन्यांना परजिल्ह्यात निघालेला. आणि बसच्या पायरीवर एक पाय, जमिनीवर एक पाय ठेवून मामाची भाची उभी. सिस्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं की घरचं माणूस येऊन बोलल्याशिवाय आत बसायचं नाही. पोरगी धनगराची. पळायला लागली की तिची सावली मागं राहायची आणि दमून खाली बसायची. सामन्याला सरकारी क्रीडा वसतिगृहाची माणसं मुली निवडायला येणार होती. निवड झाली तर दहावीनंतर राहणं, खाणं, शिकणं सगळं तिकडेच. नाही झाली तर दहावीनंतर काठी आणि मेंढरं. म्हणजे त्या पोरीचं पुढचं आयुष्य त्या सकाळी एका पायावर उभं होतं, आणि दुसरा पाय उचलायचा की नाही ते फाटकावर ठरणार होतं.

तिच्या घरच्यांना खबर नव्हती असं कोणी समजू नये. खबर पोचवण्याच्या बाबतीत ही शाळा आकाशवाणीच्या तोंडात मारेल अशी. पालकांचा मोबाइलवर ग्रुप, आणि त्यावर सिस्टरांच्या आवाजातले निरोप. आधी त्या लिहून पाठवायच्या. मग त्यांच्या ध्यानात आलं की अर्धे पालक वाचत नाहीत आणि उरलेले अर्धे वाचलं असं खोटंच सांगतात. तेव्हापासून बोलून पाठवायला लागल्या. चाचणी परीक्षा कधी, बूट कुठले, नाताळाच्या कार्यक्रमाला पोरीला देवदूत केलंय तर पांढरी चादर पाठवा, सगळं त्यांच्या तोंडून. ज्यांच्याकडे तसला ग्रुपचा फोन नाही ते बाजाराच्या दिवशी गोरेगावला माझ्या दुकानात यायचे. माझं कटलरी-स्टेशनरीचं दुकान. मी सिस्टरांचा आवाज स्पीकरला जोडून द्यायचो. बांगड्या बघता बघता बाया ऐकायच्या. एकदा सिस्टरांनी उवांच्या औषधाबद्दल सांगितलं, तर त्या दिवशी माझ्या दुकानातले फण्या-कंगवे संपले, बाजूच्या दुकानातले संपले, आणि सेनगावपर्यंत कंगवा मिळेना. आता यातलं सेनगाव मी पदरचं घातलं असेल, पण कंगवे खरे.

तर या वेळचा निरोप पण असाच वाजला होता. बस निघताना प्रत्येक खेळाडूच्या आईनं किंवा वडिलांनी फाटकावर यायचं आणि मुलीला घेऊन जा असं स्वतः सांगायचं. चिठ्ठी नको, फोन नको, दुसरं कोणी नको. कारणही आम्हाला माहीत होतं. मागच्या वर्षी सहलीच्या वेळी एका पोरीचा काका येऊन हो म्हणून गेला, आणि सहल परत यायच्या आत पोरीचा बाप फाटकात आडवा पडला होता, की मला न विचारता माझं लेकरू नेलंच कसं. त्या दिवसापासून सिस्टर काकाच्या नावाला भ्यायच्या.

धनगराच्या बायकोनं, म्हणजे त्या पोरीच्या आईनं, हा निरोप माझ्याच दुकानात उभं राहून ऐकला. दोनदा लावायला सांगितला. मला वाटलं समजलं. तिलाही वाटलं समजलं. ती वाड्यावर गेली. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे हो, मेंढरांचा वाडा, जिथं कळप बसेल तिथं जाळी लावून केलेला. तिथं नवरा-बायकोनं विचार केला. फाटकावर एवढ्या लोकांत बोलायचं, पोरगी परगावी धाडायची, काम मोठं. मोठ्या कामाला मोठं माणूस पाहिजे. आणि आमच्याकडे पोरीच्या बाबतीत मामाहून मोठं कोण? जावळ त्याच्या मांडीवर काढायचं, कान टोचताना त्यानं धरायचं, लग्नात बोहल्यावर त्यानं न्यायचं. बापाला तर मांडवात कोणी विचारत पण नाही, तो पंगतीत पाणी वाढत फिरतो. तेव्हा सिस्टरांनी आई किंवा बाप मागितला, यांनी मान राखून त्याच्या वरचा माणूस पाठवला. कलेक्टर मागावा आणि कमिशनर यावा, तसं. मामा डोंगरकडा गावाहून जीपा बदलत बदलत आला. नवा फेटा. फेट्याला इतकं कापड की सोडला असता तर सगळ्या संघाचे गणवेश निघाले असते. आणि अशा माणसाला सिस्टर म्हणाल्या की तुम्ही चालत नाही.

मामाचा आवाज एकदम खाली आला. ओरडत होता तोवर मला भीती नव्हती.

"बरं," तो म्हणाला. "मला मानत न्हाईत, तर माझी भाची बी न्हाई येत तुमच्यासंग. चल ग. उतर."

म्हणजे हो म्हणायला आलेला माणूस नाही म्हणून बसला. पोरगी हलली नाही. तिनं फक्त खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. बसमधल्या पोरींनी खिडकीतून डोकी आत घेतली. इतर पालक, जे आपापलं हो बोलून मोकळे झाले होते, ते घरी जायचं सोडून फाटकाला चिकटले.

खेळाचे सर घड्याळ बघून राहिले होते. संध्याकाळच्या आत तिकडे पोचून हजेरी द्यायची होती, नाहीतर संघच बाद. ते म्हणाले, मधल्या सुट्टीची घंटा झाली की बस निघेल, कोणी असो नसो. कोणीतरी म्हणालं, बापाला फोन लावा. मी लावला. वाजला, वाजला, आणि कोणी घेतला नाही, कारण तो फोन होता बकरीच्या गळ्यात. धनगरानं आपला साधा बटणांचा फोन म्होरक्या बकरीच्या गळ्यात पिशवीत बांधलेला असायचा. कळप नजरेआड गेला की शेजाऱ्याच्या फोनवरून रिंग द्यायची आणि आवाजाच्या दिशेनं चालायचं. सिस्टर तशाही म्हणाल्या, "फोनवर मी मानणार नाही."

आता माझी अडचण ऐका. त्या संघात माझी पण मुलगी होती. राखीव. म्हणजे धनगराची पोरगी गेली नाही तर तिच्या जागी मैदानात कोण उतरणार, तर माझी. हे फाटकावरच्या प्रत्येक पालकाला माहीत होतं, आणि प्रत्येक जण मी आता काय करतो ते बघत होता. वसतिगृहाची माणसं माझ्याच लेकीकडे बघतील असा एक विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही. तेवढ्यात ती खिडकीतून म्हणाली, "बाबा, तिच्या आईला आणा. मी खेळले तर आपण डावानं हरू." सगळ्या बसनं माना हलवल्या. बापाची इज्जत काढावी तर लेकीनंच.

मी मोटरसायकलला किक मारली. मामा मागं येऊन बसला. म्हणाला, मी येणार, तू एकटा गेलास तर तिथं काय काय सांगशील देवाला ठाऊक. माझ्याबद्दल डोंगरकड्यापर्यंत असं बोललं जातं हे मला त्या दिवशी कळलं.

कळप पुसेगावच्या पलीकडे एका सोयाबीन निघालेल्या रानात बसवलेला होता, खतासाठी. तिकडे जाणारा रस्ता असा की खड्डा कुठला आणि रस्ता कुठला ते खड्ड्यालाही माहीत नाही. एका खड्ड्यात आम्ही गेलो तेव्हा मामाचा फेटा वर राहिला आणि आम्ही बाहेर आल्यावर परत डोक्यावर बसला. पण हसायला कोणी तयार नव्हतं. मामा मागून एकच वाक्य घोकत होता, लोकांसमोर केलं त्यांनी, लोकांसमोर. मी म्हणालो, मामा, नियम आहे, तुमच्यावर राग नाही. तो म्हणाला, नियम काकासाठी आहे. मी काका हाये का? मी पुढचा खड्डा चुकवला.

धनगर बांधावर उभा होता. मी धावत जाऊन सगळं सांगितलं, आणि त्या दिवशी एक शब्द वाढवून सांगितला नाही, वेळच नव्हता. सिस्टर काय म्हणाल्या, बस कधी निघणार, पोरगी कशी उभी आहे. त्यानं ऐकलं. मग माझ्या खांद्यावरून मामाकडे बघितलं. मामा मोटरसायकलपाशीच थांबला होता, आमच्याकडे पाठ करून.

"मामाला धाडलं न्हवं का आमी," धनगर हळू म्हणाला. "आता मी मागून गेलो म्हंजे मामाला खोटं पाडलं. बरं दिसत न्हाई ते."

मी म्हणालो, लेकराचं नुकसान व्हतंय. तो म्हणाला, समजतं मला. पण उद्या तिच्या लग्नाला मामा आला न्हाई तर कुठून आणू दुसरा? शिवाय मेंढरं एकट्याच्या जिवावर, भाऊ बाजाराला गेलेला, आणि दोन दिवसांपासून लांडगा फिरत होता. लांडग्याचं तो खरं बोलत असावा, पण लांडगा आला नसता तरी तो हलला नसता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पाय जमिनीत रुतले होते. असं अडकलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पोरीची आई जाळीपाशीच होती. ती खाली बसून एका आई मेलेल्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. बाटली संपली. तिनं कोकरू उचलून नवऱ्याच्या हातात दिलं, पदर खोचला, आणि मोटरसायकलकडे चालायला लागली.

"तू कुठं?" मामानं विचारलं.

"लेकीला बघून येते. बस गाडीवर."

तिघं निघालो. मी पुढं, मध्ये मामा, मागं ती. मामा आता तिला घोकवत होता. तिथं जाऊन एवढंच सांगायचं, मामाला विचारा. तुमी विचारणार नसाल तर आमची पोरगी न्हाई. येवढंच. ती हूं म्हणत होती. खड्डा आला की हूं तुटायचं आणि खड्ड्यानंतर पुरं व्हायचं. मला काही समजेना की ही बाई पोरीला सोडायला चालली की उतरवून आणायला. मी आरशात बघायचा प्रयत्न केला, तर आरशात सगळा फेटाच.

वाटेत एक ऊस वाहून नेणारा ट्रॅक्टर असा आडवा लागला की त्याच्या दोन ट्रॉल्या ओलांडता ओलांडता माझ्या दाढीला खुंट आले. लांबून शाळा दिसली. बसचा धूर दिसला. बस हलते आहे असं मला वाटलं आणि मी गाडी आणखी पिळली. पण ती हलत नव्हती, जागेवर थरथरत होती. पोरगी तशीच. एक पाय वर, एक पाय खाली.

फाटकाशी गाडी लावली तेव्हा शिपाई घंटेच्या दोरीपाशी जाऊन उभा राहिला होता. खेळाच्या सरांनी त्याला हातानं थांब केलं. सिस्टर पुढं आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. इतका वेळ मी समजत होतो की या बाईला काही वाटत नाही. पण त्यांचे हात आता एकमेकांवर ठेवलेले नव्हते, क्रूस घट्ट धरलेला होता.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीला आम्ही नेऊ का?"

आईनं लेकीकडे बघितलं. लेकीनं आईकडे बघितलं नाही, बुटाकडे बघितलं. मग आईनं पदर डोक्यावर पुढं ओढला आणि भावाकडे वळली. फाटकाला चिकटलेले पालक आणखी पुढं सरकले. मामा छाती काढून उभा, जबडा घट्ट. ती त्याच्या कानाशी गेली आणि काहीतरी बोलली. थोडंसंच. एखाद-दुसरं वाक्य.

मामानं वर आभाळाकडे पाहिलं. कपाळावर आठ्या आल्या. थोडा वेळ विचार केला. आणि मग त्यानं मान डोलवली. एकदा, आणि परत एकदा.

ती सिस्टरांकडे वळली. "घेऊन जा," ती म्हणाली. "मी आई हाये. सांगून राहिले, घेऊन जा."

"मामांनी हो म्हणलं," असं कोणीतरी ओरडलं. मीच असेन. मग काय, खेळाच्या सरांनी टाळी वाजवली, पोरींनी बसचा पत्रा बडवला, शिपायानं घंटा दिली. पोरीनं दुसरा पाय उचलला आणि आत गेली, एकदाही मागं न बघता. मामानं तोंड उघडलं होतं, काहीतरी सांगायचं होतं त्याला, पण तोवर दोन पालकांनी त्याचा एकेक हात पकडला होता, मी फेट्याला हात लावून नमस्कार केला होता, आणि सिस्टर फाटकाबाहेर येऊन म्हणाल्या होत्या, "मामा, तुमचे आभार. मला राग धरू नका." मामानं तोंड मिटलं. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. बहीण मोटरसायकलपाशी जाऊन उभी होती. मग त्यानं फेटा सारखा केला आणि पुढं होऊन बसच्या ड्रायव्हरला दम दिला, की गाडी सावकाश न्यायची, माझी भाची हाये आत.

पोरीच्या आईला पुसेगावला सोडून मी मामाला स्टँडवर आणला. जीप भरेपर्यंत त्यानं आपण परवानगी कशी दिली ते चहावाल्याला सांगितलं, चहावाल्याच्या गिऱ्हाइकांना सांगितलं, आणि जीप निघाल्यावर खिडकीतून उरलेल्यांना सांगितलं. आणि तिनं कानात काय म्हणलं असेल यावर आमच्या भागात जी चर्चा झाली तिच्यापुढं विधानसभा फिकी. कोणी म्हणालं तिनं मेलेल्या आईची आण घातली. कोणी म्हणालं कळपातला सगळ्यात मोठा एडका भावाला कबूल केला. मी दुकानात जी गोष्ट सांगायचो तिच्यात ती भावाच्या पायावर पडून ढसाढसा रडायची, आणि ऐकता ऐकता बायांना रडू यायचं. फाटकावर हजर असलेल्या बायासुद्धा रडायच्या, ज्यांनी तिला उभी पाहिली होती.

सामने झाले. पुढच्या एका बाजाराच्या दिवशी सिस्टरांचा निरोप आला, तो मी स्पीकरला जोडला. संघ दुसऱ्या फेरीत हरला होता, पण धनगराच्या पोरीला वसतिगृहात घेतलं होतं. आई दुकानातच उभी होती. या वेळी तिनं निरोप दोनदा लावायला सांगितलं नाही. एकदा ऐकला, आणि रिबिनीचं एक भेंडोळं उचलून बघायला लागली.

गर्दी कमी झाल्यावर मी हळूच विचारलं. म्हणालो, ताई, त्या दिवशी फाटकावर भावाच्या कानात तुमी काय म्हणले, आता तरी सांगा, माझ्याजवळच राहील. माझ्याजवळ काय राहतं ते तिलाही ठाऊक होतं. तिनं रिबीन खाली ठेवली.

"काय म्हणणार भाऊ," ती म्हणाली. "मेंढरांना पाणी पाजायची येळ झाली का, इचारलं."